क्रूस घरी होता ते आठ दिवस

आधी मोनिकाबाईंचं नाव लिहिते, मग बाकीचं. नाहीतर माझं असं होतं की मी माझ्या घाबरण्याचंच सांगत बसते आणि ज्यांनी हात धरला त्यांचं नाव शेवटी घाईघाईत येतं. मोनिकाबाई आमच्या चर्चमधल्या. पूर्वी बालवाडी चालवायच्या. आता रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतात, वेदीवरची फुलं बदलतात, आणि कोणाच्या घरात काय चाललंय ते न विचारता ओळखतात. नाशिकच्या द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला आमची खोली आहे, तिथून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. दारात कढीपत्त्याचं झाड. माझी एकुलती एक मुलगी, स्नेहल, आज मठात सिस्टर व्हायला गेलेली आहे. तिला देवाने बोलावलं असं सगळे म्हणतात, आणि बोलावलं असेलच. पण तिच्या वाटेतून बाजूला कसं व्हायचं ते मला मोनिकाबाईंनी दाखवलं. मी आपण होऊन झाले नसते. मी कोणत्याच गोष्टीतून आपण होऊन बाजूला होत नाही, मला भीती वाटते.

फेब्रुवारी लागला की ते सगळं परत अंगावर येतं. सकाळी द्वारकेला पुलाखाली आम्ही बायका पिंपळगावच्या टेम्पोची वाट बघत उभ्या असतो. स्वेटरवर ओढणी, डब्याच्या पिशव्या, चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाज. टेम्पोत बसलं की वारा कानात शिरतो आणि पॅकहाऊसला पोचेपर्यंत कोणी बोलत नाही. आत गेलं की वेगळीच थंडी. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात लहान कात्री, समोर द्राक्षाचे क्रेट. द्राक्षाला वास नसतो म्हणतात. एका घडाला नसेल. पण खोलीभर घड एकदम आले की एक ओला, हिरवट, थोडा आंबूस वास सुटतो. तो वास आला की माझी कात्री हातातच थांबते. तीन वर्षं झाली. वास तसाच आणि थांबणंही.

तिथे पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच : घड देठाला धरायचा. मण्याला बोट लावायचं नाही. बोट लागलं की वरची पांढरट पावडर पुसली जाते आणि तिथे डाग दिसतो. वाईट मणी कात्रीने अलगद काढायचा, शेजारच्याला धक्का लागू द्यायचा नाही. मी या कामात हुशार आहे, सुपरवायझर नव्या पोरींना माझ्याकडे पाठवतो. घरी मात्र मला असं अलगद धरता आलं नाही कधी. स्नेहलला मी मुठीत धरलं होतं.

मी जालन्याकडची. सहावीत असताना आई आजारी पडली, धाकटी दोघं बघायला कोणी नव्हतं, आणि दप्तर खुंटीला अडकवलं ते तिथेच राहिलं. लग्न होऊन नाशिकला आले. इथे माझं कोणी नव्हतं आणि वर सगळीकडे लिहिलेलं. दवाखान्यात पाट्या, बँकेत फॉर्म, शाळेत प्रगतिपुस्तक. मला अगदीच वाचता येत नव्हतं असं नाही. अक्षरं ओळखायची मी. पण कोणी बघत असलं की ओळ डोळ्यांपुढे हलायला लागायची. मग मी एक युक्ती काढली होती. कोणी कागद पुढे केला की म्हणायचं, "चष्मा घरी राहिला हो, जरा वाचून दाखवता?" लोक वाचून दाखवायचे. चष्मा मला कधी लागलाच नव्हता. हे फक्त स्नेहलला माहीत होतं. आणि पुढे मोनिकाबाईंना.

आता क्रुसाचं सांगते. आमच्या धर्मग्रामातून कित्येक वर्षांत एकही मुलगा फादर झाला नव्हता, एकही मुलगी सिस्टर झाली नव्हती. तेव्हाचे फादर थोडे तिखट बोलणारे होते. एकदा प्रवचनात म्हणाले, "दुसऱ्या गावची पोरं येऊन तुमची लग्नं लावतात, तुमच्या लेकरांचे बाप्तिस्मे करतात, तुमची माती करतात. तुमच्या घरातलं कोण देणार?" आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. वर्गात मास्तरांनी प्रश्न विचारला की पोरं घालतात ना, तशा.

मग त्यांनी ती पद्धत सुरू केली. सागवानी लाकडाचा हातभर क्रूस, लाल मखमली पिशवीत. प्रत्येक कुटुंबाकडे आठ दिवस राहायचा. रोज संध्याकाळी त्याच्यासमोर मेणबत्ती लावायची, शेजारपाजारचे चर्चवाले गोळा करून रोझरी, म्हणजे जपमाळ करायची, आणि प्रार्थना मागायची की आमच्यातून कोणीतरी देवाच्या कामाला जावं. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की क्रूस पुढच्या कुटुंबाकडे जायचा. देणारे आणि घेणारे दोघांनी वेदीसमोर तो दोन बाजूंनी धरायचा आणि घेणाऱ्या घरातल्या बाईने माईकवर एक कार्ड वाचायचं. बाईनेच. पुरुष हो म्हणून मोकळे होतात, पण घरात शेवटचा नकार आईचाच असतो, असं फादरांचं म्हणणं.

प्रार्थना सगळे मनापासून करायचे. पण बायका बायका असलो की खरं बाहेर पडायचं. आमच्या गल्लीतल्या कुसुमताई म्हणायच्या, "मी तर सांगते देवाला, बोलाव बाबा, नक्की बोलाव, पण वरच्या मजल्यावरून बोलाव." वरच्या मजल्यावर त्यांची जाऊ राहायची. "तिला चार आहेत. एखादं गेलं तर तिला कळणार पण नाही." आम्ही पोट धरून हसायचो. हसताना मी मनात म्हणायचे, खरंच देवा, वरच्या मजल्यावरूनच.

आमचा नंबर ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात लागला. द्राक्षाचा हंगाम भरात, स्नेहलची बारावीची परीक्षा तोंडावर. माईकवर वाचायचं ऐकलं आणि नवऱ्याला म्हटलं, तुम्ही वाचा. जोसेफ द्वारकेला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये काम करतात, रोज शंभर जणांवर ओरडतात, पण चर्चमध्ये त्यांचा आवाज निघत नाही. म्हणाले, "बाईनेच वाचायचंय. मी काय साडी नेसू?"

तेव्हा मोनिकाबाई म्हणाल्या, "संध्याकाळी येत जा. तीन दिवसांत बसवू."

तीन संध्याकाळ मी गेले. कढीपत्त्याच्या झाडाखाली दोन खुर्च्या, मांडीवर प्लास्टिकच्या कव्हरातलं ते कार्ड. त्या म्हणायच्या, "बोट ठेव आणि वाच. घाई कसली, देव कुठं चालला नाही." बोट ठेवलं की ओळ हलायची थांबायची. एवढं साधं मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी निम्मं झालं, दुसऱ्या संध्याकाळी सगळं. सात ओळी होत्या. त्यातली पाचवी अशी : आमच्या घरातल्या कोणाला प्रभूने बोलावलं, तर आम्ही त्याच्या वाटेत उभे राहणार नाही.

ती ओळ मी नीट वाचली. तिसऱ्या दिवशी तर न अडखळता. मोनिकाबाईंनी पाठीवर थाप दिली. पण घरी जाताना त्या ओळीचा अर्थ माझ्या मागे मागे आला, कोणी पाठलाग करावा तसा. कारण मला काही गोष्टी दिसत होत्या. स्नेहल रविवारची मिस्सा झाल्यावर सिस्टरांबरोबर मागे थांबायची. दवाखान्यात पेशंट बघायला त्यांच्यासोबत जायची. मैत्रिणीच्या लग्नाला चल म्हटलं तर अभ्यास म्हणायची. मी या गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवत नव्हते. शेजारी ठेवल्या असत्या तर वाचता आलं असतं.

तो रविवार. चर्च भरलेलं, पंखे अजून बंद, मेणाचा आणि ओल्या झेंडूचा वास. क्रुसाची एक बाजू आधीच्या कुटुंबाने धरलेली, दुसरी जोसेफनी. माईक माझ्या तोंडाशी फार जवळ होता, माझा श्वास मलाच मोठा ऐकू येत होता. मी बोट ठेवलं. एक, दोन, तीन, चार. पाचव्या ओळीवर बोट आलं. ओळ हलली नाही. अक्षर न् अक्षर दिसत होतं. पहिल्या बाकावर स्नेहल बसलेली होती, पांढऱ्या ड्रेसमध्ये, माझ्याकडे बघत. मी बोट उचललं आणि सहाव्या ओळीवर ठेवलं.

वाचून संपलं. फादरांच्या लक्षात आलं. त्यांनी सगळ्यांसमोर हळूच म्हटलं, "रजनीबाई, एक ओळ राहिली वाटतं."

माझ्या कानात नुसती शिट्टी वाजायला लागली. तेवढ्यात बाजूला फुलदाणीपाशी उभ्या असलेल्या मोनिकाबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "चष्मा घरी राहिलाय तिचा, फादर. राहू द्या." आणि ती ओळ त्यांनी स्वतः, पाठ असल्यासारखी, माझ्या ऐवजी म्हणून टाकली. फादर हसले, लोक हसले, ऑर्गन सुरू झाला. बाहेर आल्यावर कुसुमताईंनी चिमटा काढला, "काय गं, माईकला घाबरलीस?" मी म्हटलं, "हो ना." सगळ्यांना वाटलं, बिचारी शिकलेली नाही. त्या दिवशी मी माझ्या अडाणीपणाच्या मागे लपले. इतकी वर्षं ज्याची लाज वाटली त्यालाच मी आडोसा केला.

क्रूस घरी आला. टीव्हीच्या शेजारच्या फळीवर जोसेफनी पांढरा रुमाल अंथरून उभा केला. खोली केवढी आमची, स्वयंपाक करताना तो दिसे, भाजी निवडताना दिसे, पाठ केली तर पाठीला दिसे. मी त्याच्याकडे बघून कधी नव्हे ते भीत होते. वाटायचं, हा आता आत आलाय. बाहेर जाताना रिकाम्या हाताने जायचा नाही.

बुधवारी मी कामावरून आले तेव्हा स्नेहल जमिनीवर पुस्तक उघडून बसली होती. वर न बघता म्हणाली, "मम्मी, ती ओळ तू मुद्दाम सोडलीस ना?"

"कोणती?"

"अगं, तुला चष्मा नाहीये."

मी गॅस पेटवला. पातेलं ठेवलं. त्यात पाणी नव्हतं.

ती म्हणाली, "पेपर झाले की मला सिस्टरांकडे जाऊन राहायचंय. नुसतं बघायला. आधी बघायलाच बोलावतात. लगेच काही घेत नाहीत."

"कोणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?"

"कोणी नाही."

"मोनिकाबाईंनी?"

"आजींना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, हे ऐकायचा पहिला मान तुझ्या आईचा आहे, जा, तिला सांग. मी महिनाभर सांगतेय तुला मनातल्या मनात. तुला ऐकू येत नव्हतं."

"पेपर होऊ दे," मी म्हटलं. एवढंच. मग ती बाथरूममध्ये गेली तेव्हा मी फळीवरचा क्रूस उचलला, लाल पिशवीत घातला आणि कपाटात गोधड्यांच्या मध्ये खुपसला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मुलाला नको ते खेळणं लपवतात तसं. जोसेफ आले, त्यांनी रिकामी फळी बघितली.

"क्रूस कुठंय?"

"धूळ बसते."

"तीन दिवसांत?"

साडेसातला शेजारचे रोझरीला आले. काढावा लागला. गोधड्यांत डांबरगोळ्या ठेवलेल्या, त्यांचा वास त्याला लागला होता. सगळी रोझरी होईपर्यंत खोलीत मेणबत्तीचा नाही, डांबरगोळीचा वास. कुसुमताईंनी नाकाला पदर लावला. नमो मरिया म्हणता म्हणता स्नेहलने माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. तिच्या डोळ्यांत माझीच कीव होती.

जोसेफना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. त्यांनी खाली जाऊन आदल्याच दिवशी धुतलेली गाडी परत धुतली. वर येऊन म्हणाले, "सासरी गेली असती तरी गेलीच असती ना."

"सासरहून पोरगी माहेरी येते," मी म्हटलं. "बाळंतपणाला येते, सणाला येते, भांडून येते. ही कुठून येणार?"

  त्या दिवशी पॅकहाऊसमध्ये माझ्या हातून एक घड सुटला आणि पायाखाली आला. नवी पोरगी म्हणाली, "मावशी, तुमच्याकडून?" मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि मिळेल त्या गाडीने परत आले. घरी गेले नाही. सरळ मोनिकाबाईंकडे.

त्या कढीपत्ता तोडत होत्या. मी दारातूनच सुरू केलं, "तुम्हीच केलंत हे. तुम्हाला माहीत होतं आणि मला तीन दिवस ती ओळ वाचायला लावलीत. माझ्याच तोंडून माझी पोरगी काढून घ्यायची होती तुम्हाला."

त्या म्हणाल्या, "आधी पाणी घे."

"नको मला पाणी."

"घे गं. माझ्या घरी आता आधी पाणी, मग बोलणं." आणि तांब्या हातात दिल्याशिवाय त्या बसल्याच नाहीत. उन्हातून आले होते, मी तो सगळा प्याले. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मुलाचं, पास्कलचं. तो फादर व्हायला सेमिनरीत शिकला होता हे मला ऐकून माहीत होतं, पुढचं नव्हतं.

"तो गेला तेव्हा मी गल्लीभर लाडू वाटले," त्या म्हणाल्या. "फादरची आई होणार म्हणून ताठ चालायचे. चार वर्षांनी तो परत आला. भर दुपारी, हातात पेटी. न सांगता. समोरच्या गॅलरीत बाया उभ्या. आणि मी दारातच विचारलं, का आलास? पाणी नंतर दिलं."

"मग?"

"मग काय. प्यायला. चांगलं चाललंय त्याचं. पुण्याला असतो, बायको गुणाची आहे, दोन लेकरं. येतो, जेवतो, हसतो. पण अजून, रजनी, अजून तो दारात थांबतो. मी ये म्हणेपर्यंत उंबरा ओलांडत नाही. स्वतःच्या घराचा."

कढीपत्त्याची पानं त्या काडीवरून ओढत राहिल्या. म्हणाल्या, "फादर म्हणतात, पोरांना उत्तेजन द्या. द्यावंच. पण मी आता कोणाला जा म्हणत नाही आणि थांब म्हणत नाही. तुझ्या पोरीलाही म्हटलं नाही. वाटेत उभं राहायचं नाही हे जाताना जसं, तसं येतानाही. तिला जाऊन बघू दे. राहिली तर राहिली. नाही राहिली तर तू दारात उभी राहून प्रश्न विचारू नकोस. लाडू वाटू नकोस, पाणी भरून ठेव. एवढंच काम आहे आईचं. बाकीचं देव बघेल, तो काय आपल्या भरवशावर बसलाय?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग उठता उठता म्हणाल्या, "आणि तुझ्या त्या चष्म्यापायी मी वेदीसमोर खोटं बोलले. काल कन्फेशनला जाऊन आले."

"फादर काय म्हणाले?"

"ते सांगायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पण हसले."

पुढचा रविवार. आता क्रूस आमच्याकडून कुसुमताईंकडे जायचा होता. एका बाजूने मी धरला, दुसरीकडून त्यांच्या नवऱ्याने. अजून थोडा डांबरगोळीचा वास येत होता त्याला. कुसुमताई बी.ए. झालेल्या, फाडफाड वाचत होत्या.  पहिली ओळ, दुसरी. मला वाटलं होतं की मोनिकाबाईंशी बोलून भीती गेली असेल. कुठली जाते. चौथी ओळ. मी कुसुमताईंच्या खांद्याजवळ सरकले आणि पाचवी ओळ आली तेव्हा त्यांच्या आवाजात माझा आवाज मिसळला. आमच्या घरातल्या कोणाला. त्या दचकून थांबल्या. त्या थांबल्या म्हणून मी एकटीच पुढे बोलत राहिले, माईकवर, चर्चभर. माझ्यापुढे कार्ड नव्हतं. लाकडावर बोट होतं. "...तर आम्ही त्याच्या वाटेत उभे राहणार नाही." 

लोकांना वाटलं, मागच्या वेळी राहिलं होतं, आता वाचून पुरं केलं बाईने. चांगलं झालं. कुसुमताई बाहेर म्हणाल्या, "अगं, माझा वाढदिवस असल्यासारखी मध्येच काय गायला लागलीस?" खरं काय झालं ते चर्चमध्ये चौघांना माहीत होतं. पहिल्या बाकावर स्नेहल दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. जोसेफ छताकडे बघत होते. मोनिकाबाई फुलदाणीतली फुलं उगाच हलवत होत्या.

जूनमध्ये आम्ही तिला सोडायला गेलो. बेळगावच्याही पुढे. मोनिकाबाई सोबत आल्या, त्यांच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपत नसताना. सिस्टरांनी यादी दिली होती, पांढऱ्या चादरी, छत्री, एक पेटी. जोसेफनी त्या पेटीचं कुलूप तीनदा ओढून बघितलं. फाटकाशी मी स्नेहलला म्हटलं, "नाही आवडलं तर ये. लोक काय म्हणतील ते मी बघते. दारात कोणी काही विचारणार नाही."

"आणि आवडलं तर?"

मी तिच्या पेटीवरची धूळ पुसली. मग म्हटलं, "तर पत्र लिही. मोठ्या अक्षरात."

पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते घेऊन कढीपत्त्याच्या झाडाखाली गेले. बोट ठेवून वाचलं, चार पानांना सगळी संध्याकाळ लागली, मध्ये मोनिकाबाईंनी दोनदा चहा केला. दुसऱ्या पत्राला कमी वेळ लागला. मग मी उत्तर लिहायला बसले, त्यांनी काना-मात्रा दाखवल्या. आता मी एकटी वाचते, एकटी लिहिते. हे सगळं लिहितेय ते त्याच शिकवण्यावर. चुका असतील.

भीती गेली नाही. तिने अजून सिस्टरची व्रतं घेतलेली नाहीत, पुढच्या वर्षी घेईल म्हणते. फोन वाजला की वाटतं, येतेय की काय. फोन वाजला नाही की वाटतं, आता येणारच नाही. दोन्हींची भीती वाटते आणि दोन्हींची वाट बघते. उन्हाळा असो की पावसाळा, दाराजवळचा माठ मी भरलेला ठेवते. जोसेफ चिडवतात, "पाणपोई काढ आता." गेल्या महिन्यात स्नेहलच्या पत्रात एक ओळ होती : मम्मी, कधी कधी मलाही भीती वाटते. ती ओळ मी परत परत वाचली. बोट तिथेच ठेवून बसून राहिले. मला वाटत होतं, भिणारी मी एकटीच आहे.

यंदा क्रूस परत फिरायला निघाला आहे. आमचं नाव तिसऱ्या आठवड्यात आहे. गेल्या रविवारी नव्या फादरांनी मोनिकाबाईंना नावांची यादी वाचायला दिली. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला, फादर. रजनी वाचेल."

चष्मा त्यांच्या गळ्यात होता. दोरीला लटकत.

मी यादी वाचली. मग त्यांच्याकडे नीट बघितलं. मेणबत्ती लावताना त्यांनी वात बोटाने चाचपली. पायरीवर पाय आधी पुढे करून जमीन शोधली. घरी सोडायला निघाले तेव्हा वाटेत त्यांनीच सांगितलं : डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय, कडेचं दिसणं गेलंय, आता समोरचंही धूसर होत चाललंय, आणि हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. पास्कलला पण नाही. दारात पोचल्यावर म्हणाल्या, "बोलू नकोस कुठं." मी काही विचारलं नाही. आत जाऊन आधी त्यांना पाणी दिलं.

बाई, तोंडावर मला हे बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. जेव्हा अक्षरं अजिबात दिसेनाशी होतील तेव्हा हंगाम असो नसो, टेम्पोतून उतरले की मी आधी तुमच्याकडे येईन. कढीपत्त्याखाली दोन खुर्च्या टाकीन. तुमची प्रार्थनेची पुस्तकं, पास्कलची पत्रं, डॉक्टरांचे कागद, जे असेल ते बोट ठेवून वाचीन. मला वेळ लागेल, तुम्ही घाई करू नका. पण एकही ओळ सोडणार नाही. भीती वाटेल तीसुद्धा.